व्यवस्थापनाची तत्त्वं: पहिल्या वर्षाची मुलं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

फोंड्याच्या बाजूला एका कॉलेजात मी पहिल्या वर्षाला हा विषय शिकवते. परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर येणारे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. उदाहरणात गावच्या जत्रेतलं नाटक वरचेवर येईल, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्यात कधी ना कधी काम केलेलं असतं, निदान पडदा तरी ओढलेला असतो.

१. मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय? पुस्तकात सहा व्याख्या आहेत, सगळ्या पाठ करायच्या का?

नाही. एकच नीट धरा: ठरवलेलं काम, हाताशी असलेल्या पैशात आणि वेळात, इतरांना सोबत घेऊन पार पाडणं. जत्रेच्या नाटकात ज्याला टाळ्या पडतात तो चांगला नट. पण अठरा जणांना तालमीला आणणारा, लायटिंगवाल्याला ॲडव्हान्स पोचवणारा आणि नायिकेचा घसा बसला तर दुसरी तयार ठेवणारा, तो व्यवस्थापक. त्याचं नाव बहुधा हस्तपत्रिकेत शेवटी बारीक अक्षरात असतं.

याच प्रश्नाला जोडून परिणामकारकता आणि कार्यक्षमता यांतला फरक विचारतात. नाटक झकास झालं, पण वर्गणीच्या दुप्पट खर्च झाला, तर काम परिणामकारक झालं, कार्यक्षम नाही. खर्च निम्म्यात आटोपला, पण पडदा उघडेपर्यंत प्रेक्षक घरी गेले, तर उलट. दोन्ही एकदम साधावं लागतं आणि सगळी ओढाताण तिथेच असते.

२. व्यवस्थापन हे शास्त्र, कला की व्यवसाय (प्रोफेशन)?

तिन्ही थोडं थोडं, आणि उत्तरात हेच लिहायचं. तत्त्वं निरीक्षणातून आणि प्रयोगातून आली म्हणून शास्त्र, पण रसायनशास्त्रासारखं नाही, कारण माणूस प्रत्येक वेळी तसाच वागत नाही. तीच तत्त्वं दोघांनी वापरली तरी एकाचं जमतं, एकाचं फसतं, म्हणून कला. डॉक्टर किंवा वकील यांच्यासारखी पदवी आणि नोंदणीची सक्ती नाही, म्हणून पूर्ण अर्थानं व्यवसाय नाही. पाच मार्कांचा प्रश्न आहे, दोन पानं लिहू नका.

३. मॅनेजमेंट आणि ॲडमिनिस्ट्रेशन एकच का?

ऑलिव्हर शेल्डन यांनी १९२३ मध्ये फरक केला: धोरण ठरवणं ते प्रशासन, ते अमलात आणणं ते व्यवस्थापन. पण गोंधळाचा एक भाग निव्वळ भाषांतराचा आहे. आंरी फेयॉल या फ्रेंच खाण अभियंत्यानं (प्रश्न ५ बघा) फ्रेंचमध्ये जो शब्द वापरला तो ‘ॲडमिनिस्ट्रेशन’च्या जवळचा. पहिल्या इंग्रजी भाषांतरात तो तसाच राहिला, १९४९ च्या भाषांतरात त्याचं ‘मॅनेजमेंट’ झालं. खासगी कंपनीत आज हा भेद कुणी फारसा पाळत नाही.

४. व्यवस्थापनाची कार्यं चार, पाच की सात? प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा आहे.

कुणाची यादी ते लिहिलंत तर सगळेच आकडे बरोबर. फेयॉल यांची पाच: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. ल्यूथर गुलिक यांनी १९३७ मध्ये कार्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून ‘पोस्डकॉर्ब’ हा शब्द केला, त्यात सात. कून्ट्झ आणि ओडोनेल यांच्या यादीत पुन्हा पाच, पण थोडी वेगळी: नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणूक, नेतृत्व, नियंत्रण. आपल्याकडची बरीच पुस्तकं हीच यादी धरतात.

आता नाटकावर लावून बघा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की मंडळी देवळात बसतात: नाटक कुठलं, तारीख कुठली, पैसे किती. हे नियोजन. नेपथ्य, वर्गणी, कपडेपट, जेवण अशा तुकड्या पाडून प्रत्येकीला एक प्रमुख, हे संघटन. कुणाला कुठली भूमिका, ही नेमणूक. इथेच अर्धी भांडणं होतात, कारण वर्गणी जास्त देणाऱ्याच्या मुलाला राजा व्हायचं असतं. तालमी घेणं, रुसलेल्याला समजावणं, हे नेतृत्व. आणि नियंत्रण? पंधरा दिवस आधी पहिला अंक पाठ व्हायचा होता, झाला का? नसेल तर तालमी वाढवायच्या. नियंत्रण म्हणजे ओरडणं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. त्यात तीन गोष्टी असतात: आधी ठरवलेलं माप, प्रत्यक्ष काय झालं त्याची नोंद, आणि तफावत दिसली तर दुरुस्ती. माप आधी ठरवलेलं नसेल तर मागाहून केलेली आरडाओरड हे नियंत्रण नव्हे.

समन्वय आधुनिक यादीत का नाही, असंही विचारतात. तो प्रत्येक कार्यात धरलेलाच आहे, म्हणून वेगळा मोजत नाहीत.

५. फेयॉलची १४ तत्त्वं पाठच होत नाहीत. काही युक्ती?

आधी माणूस कोण होता ते बघा. १८४१ चा जन्म, खाण अभियंता. वयाच्या १९ व्या वर्षी, १८६० मध्ये, फ्रान्समधल्या कोमाँत्री इथल्या कोळसा खाणीत लागला आणि सगळी नोकरी त्याच कंपनीत केली. १८८८ मध्ये सर्वोच्च पदावर आला तेव्हा कंपनी बुडायच्या बेतात होती, ती त्यानं उभी केली. तत्त्वं छापून आली १९१६ मध्ये, म्हणजे पंचाहत्तरीला. इतक्या वर्षांत खाणीत जे अडलं, त्याची ही उत्तरं आहेत. खाणपट्ट्यातल्या सांगे, सत्तरी, डिचोलीच्या मुलांना तरी हा माणूस परका वाटायला नको.

म्हणून यादी पाठ करण्याऐवजी तीन अडचणी पाठ करा.

हुकूम कुणाचा चालायचा? यात सहा तत्त्वं: अधिकार आणि जबाबदारी, शिस्त, आदेशाची एकता, दिशेची एकता, केंद्रीकरण, अधिकारश्रेणी (वरून खालपर्यंतची वरिष्ठांची साखळी).

काम आणि वस्तू कुठे बसवायच्या? यात दोन: श्रमविभागणी आणि सुव्यवस्था.

माणसं टिकायची कशी? यात सहा: योग्य मोबदला, समन्याय, नोकरीतलं स्थैर्य, पुढाकार, संघभावना, आणि व्यक्तीच्या हितापेक्षा संस्थेचं हित.

झाली चौदा. ही विभागणी माझी, फेयॉलची नाही, तेव्हा पेपरात त्याच्या नावावर खपवू नका. त्यानं स्वतः मात्र हे बजावलं होतं की तत्त्वं लवचीक असतात आणि त्यांची संख्या चौदावरच थांबते असं नाही.

६. आदेशाची एकता आणि दिशेची एकता यांत मी दर वेळी गोंधळते.

पहिली माणसाबद्दल, दुसरी कामाबद्दल. कळंगुटच्या एका शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलात, वेटर आहे. म्हातारा पात्रांव, म्हणजे मालक, सांगतो, आधी टेबलं पूस. त्याचा मुलगा, म्हणजे धाकटा पात्रांव, सांगतो, आधी गिऱ्हाईक बघ. काहीही केलं तरी शिव्या ठरलेल्या. इथे आदेशाची एकता मोडली: एका माणसाला एकच वरिष्ठ हवा.

आता त्याच शॅकवर प्रत्येकाला वरिष्ठ एकेकच आहे. पण स्वयंपाकघराचा प्रमुख सारस्वत थाळी चालवायच्या मागे आणि बाहेरचा प्रमुख पाटी लावून बसलाय पिझ्झाची. आदेश एकेकाचाच, पण धंद्याला दोन तोंडं. इथे दिशेची एकता मोडली: एका उद्देशाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक आराखडा हवा. दिशेची एकता असल्याशिवाय आदेशाची एकता टिकत नाही. पण दिशा एक असली म्हणजे आदेशाची एकता आपोआप येते असं मात्र नाही.

७. टेलर तर एका कामगारावर आठ फोरमन नेमायला सांगतो. मग फेयॉल चूक की टेलर?

चांगला प्रश्न, आणि परीक्षकालाही आवडतो. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याचं म्हणणं असं की एका फोरमनला यंत्राचा वेग, दुरुस्ती, तपासणी, शिस्त, वेळ आणि खर्च, सगळंच उत्तम येणं शक्य नाही. म्हणून कामाचे तुकडे पाडून चार जण आखणीच्या बाजूला आणि चार प्रत्यक्ष कारखान्यात. यात आदेशाची एकता सरळ मोडते, आणि फेयॉलनं तसा आक्षेप घेतलाही.

दोघं वेगवेगळ्या उंचीवरून बघत होते. टेलर यंत्राशेजारी उभा राहून खालून वर, फेयॉल संचालकाच्या खुर्चीतून वरून खाली. एकाला कौशल्य कमी पडताना दिसलं, दुसऱ्याला हुकमांचा गोंधळ. आजही हा वाद मिटलेला नाही. सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्पप्रमुख एक आणि विभागप्रमुख दुसरा अशी मॅट्रिक्स रचना असते, तिथे दोन वरिष्ठ मान्य करूनच चालतात. ती टिकते ती कुठल्या बाबतीत कुणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरवलेलं असेल तरच. शॅकवरच्या वेटरचं दुखणं वरिष्ठ दोन असण्यापेक्षा हे न ठरवण्यात जास्त होतं.

८. टेलर कामगारांच्या विरोधात होता का?

आकडे बघा आणि स्वतः ठरवा. बेथलहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला सुमारे साडेबारा टन माल भरत असे. टेलरनं हालचाली, विश्रांती आणि वेळ मोजून तो साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी साठ टक्क्यांनी जास्त. टेलरच्या मते मालक आणि कामगार दोघांचाही फायदा. मजुराला काय वाटलं असेल, ते चौपट आणि साठ टक्के हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं. या आकड्यांबद्दल पुढच्या अभ्यासकांनी शंकाही घेतल्या आहेत.

दुसरी बाजूही लिहा. फावड्याचा प्रयोग बघा: माल हलका असो की जड, फावड्यावर सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, वजन राहिलं की दिवसभरात काम सर्वांत जास्त होतं, असं त्याला दिसलं. म्हणून कोळशाला एक फावडं, खनिजाला दुसरं, आणि तीही कंपनीनं पुरवायची. कामगाराला दोष देण्याआधी हत्यार बघा, ही गोष्ट तेव्हा नवी होती. पण १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरून संप झाला, टेलरला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली, हेही विसरू नका.

९. हॉथॉर्न प्रयोगाचं उत्तर लिहिलं तरी मार्क कमी येतात. काय चुकतं?

बहुतेक जण लिहितात, ‘उजेड वाढवला, उत्पादन वाढलं.’ नेमकं उलट महत्त्वाचं आहे: उजेड कमी केला तरी उत्पादन वाढलं, आणि ज्या गटात काहीच बदललं नव्हतं तिथंही वाढलं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात हे प्रयोग चालले. या प्रयोगांशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते एल्टन मेयो सुरुवातीपासून तिथे नव्हते, नंतर आले. रिले (टेलिफोनचा एक भाग) जोडणाऱ्या मुलींच्या छोट्या गटावरचा प्रयोग १९२७ मध्ये सुरू झाला. विश्रांती दिली, वेळ बदलली, काढून घेतली, तरी उत्पादन बहुतांशी चढतच राहिलं. निष्कर्ष असा काढला गेला की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, आपला एक गट आहे, याचा परिणाम सोयींपेक्षा मोठा असतो.

टीकेचे मार्क वेगळे मिळतात, म्हणून एवढं जोडा: गट फार लहान होता, आणि त्यातल्या दोन मुलींना मध्येच बदलून दुसऱ्या आणल्या होत्या. बँक वायरिंग खोलीतला, म्हणजे टेलिफोनच्या उपकरणांना तारा जोडायच्या खोलीतला, भागही लिहा. तिथे पुरुष कामगारांनी आपसात ठरवून उत्पादन एका पातळीच्या वर जाऊ दिलं नाही. म्हणजे गट उत्पादन वाढवतो तसा रोखूनही धरतो.

१०. अधिकार सोपवता येतो, मग जबाबदारीही सोपवता येते का?

काम सोपवता येतं, ते करण्यापुरता अधिकारही सोपवता येतो. पण वरच्याला जाब द्यायचं, म्हणजे उत्तरदायित्व, तुमच्याकडेच राहतं. वर्गणीची पावतीपुस्तकं तुम्ही धाकट्यांना दिलीत आणि एक पुस्तक हरवलं, तर गाव तुम्हालाच विचारणार.

उलट चूक जास्त दिसते: काम दिलं, अधिकार दिलाच नाही. तरुण फेयॉलची १८६१ ची एक नोंद आहे. खाणीत काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. त्यानं बदली घोडा मागवला. तबेलेवाल्यानं नकार दिला, कारण कागदावर संचालकाची सही नव्हती. संचालक बाहेरगावी, त्याच्या जागी कुणी नेमलेला नाही, काम ठप्प. जागेवर सही करणारा कुणीतरी कायम असला पाहिजे, हा धडा त्यानं तिथेच घेतला. ‘साहेब रजेवर आहेत, उद्या या’ हे ऐकून ज्यानं खिडकीवरून हेलपाटा मारलाय, त्याला ही गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही.

११. डेलिगेशन आणि विकेंद्रीकरण यांत फरक काय?

डेलिगेशन म्हणजे अधिकार सोपवणं, ते दोन माणसांतलं आणि परत घेता येण्यासारखं. विकेंद्रीकरण हे सबंध संस्थेचं धोरण. बेकरीचा मालक मडगावच्या दुकानातल्या एकाला ‘आज पीठ तू मागव’ म्हणतो, ते डेलिगेशन. मडगाव, कुडचडे, वास्को, तिन्ही दुकानांनी आपापली खरेदी कायमची स्वतः करायची असं ठरलं, ते विकेंद्रीकरण. उत्तरदायित्वाचं काय, ते प्रश्न १० मध्ये आहे.

१२. एका माणसाच्या हाताखाली किती जण असावेत? नेमका आकडा सांगा.

याला नियंत्रणकक्षा म्हणतात, आणि तिचा नेमका आकडा नाही. ग्रेक्युनस यांनी १९३३ मध्ये फक्त एवढं दाखवलं की माणसं बेरजेनं वाढतात आणि त्यांच्यातले संबंध भसाभस वाढतात. हाताखाली ४ जण असतील तर संभाव्य संबंध ४४, ५ असतील तर १००, ६ झाले की २२२. हे सगळे संबंध रोज वापरात नसतात, म्हणून सूत्र शब्दशः घेऊ नका. एकसारखं काम करणारे वीस काजू सोलणारे एक मुकादम सांभाळेल. वेगवेगळी कामं करणारे सहा अभियंते सांभाळताना त्याच मुकादमाचा घाम निघेल.

१३. हर्झबर्ग म्हणतो पगारानं प्रेरणा मिळत नाही. हे पटत नाही.

हर्झबर्ग हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ, आणि तो तसं म्हणतच नाही. पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये त्यानं मांडलं की असमाधान नसणं आणि समाधान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा बिघडली तर माणूस वैतागतो. सुधारली तर वैताग थांबतो, पण काम मन लावून करतोच असं नाही. त्यासाठी काम स्वतः, त्यातलं यश, मिळालेली दाद लागते. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी जी धडपड चालते ती पगार आणि स्थैर्यासाठी, आणि नोकरी लागल्यावर दोन वर्षांत चेहरा का पडतो, याचं उत्तर हर्झबर्गच्या दुसऱ्या यादीत, म्हणजे काम, यश आणि दाद यांत शोधा. मर्यादाही लिहा: पोटापुरताच पगार असणाऱ्या हंगामी कामगाराला त्यानं विचारलं नव्हतं.

माणसाच्या गरजांची उतरंड मांडणाऱ्या मॅस्लोबद्दल एकच: त्याच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिडचं चित्र नाही, ते नंतर इतरांनी चिकटवलं. आकृती काढायला हरकत नाही, फक्त ‘मॅस्लोनं काढलेली’ म्हणू नका.

१४. सगळं नियोजन करूनही परिस्थितीच बदलली तर? मग नियोजनाचा उपयोग काय?

हा प्रश्न पहिल्यांदा मला वर्गात विचारला तो ट्रकमालकाच्या मुलीनं, आणि पुस्तकातलं उत्तर द्यायला तेव्हा जीभ रेटली नाही.

गोव्यातलीच दोन उदाहरणं घ्या. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हे ६१ दिवस ट्रॉलरमालकाला आधीपासून माहीत असतात. जाळी विणणं, इंजिन उघडणं, खलाशांना गावी पाठवणं, सगळं त्यातच बसवलेलं असतं. हे ज्ञात गृहीतक.

खाणींचं तसं झालं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. खनिजाची निर्यात चालूच राहणार, हे गृहीतक कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं, इतकं ते सर्वांना स्वाभाविक वाटत होतं. आणि जे लिहिलेलं नसतं ते कुणी तपासत नाही.

म्हणून नियोजनाच्या उत्तरात गृहीतकांना एक परिच्छेद द्या: कुठली आपल्या हातात, कुठली अर्धवट हातात, कुठली अजिबात नाहीत. तिसऱ्या गटासाठी पर्यायी योजना लागते. त्या मुलीच्या वडिलांनी दोन ट्रक विकून एकावर पाणी पुरवायला सुरुवात केली होती. योजना उशिरा आली, पण आली. ट्रक घेतानाच ती असती तर दोन विकावे लागले नसते, असं तीच म्हणाली.

१५. आमचा लहानसा पसरो (किराणा दुकान) आहे, बाबा सगळं एकटेच बघतात. ही तत्त्वं आम्हाला लागू होतात का?

काही होतात, काही हास्यास्पद ठरतात. अधिकारश्रेणी, नियंत्रणकक्षा सोडून द्या. पण तीन गोष्टी घरच्या धंद्यालाच जास्त नडतात. एक, मोबदला: दुकानात बसणाऱ्या आईला आणि भावाला ठरलेला पगार नसतो, म्हणून दुकान नफ्यात आहे की घरच्यांच्या फुकट कष्टांवर चाललंय, हे कळतच नाही. दोन, संस्थेचं हित: गल्ल्यातून लग्नाचा खर्च जातो आणि पुढच्या महिन्यात घाऊकवाल्याचं बिल थकतं. तीन, बाबा आजारी पडले तर सही कुणाची? त्यासाठी प्रश्न १० मधला घोडा आठवा. दोन भाऊ मालक असतील तर प्रश्न ६ वाचा, आणि दोघांनाही वाचायला द्या.

१६. सगळी नावं परदेशी. आपल्याकडे व्यवस्थापन नव्हतंच का?

होतं, आणि इथंच होतं. गावकारीची रीत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी गावची जमीन सामाईक सांभाळायची पद्धत, पोर्तुगीज येण्याआधीची. त्यांच्या महसूल अधिकाऱ्यानं, आफोंसो मेशियानं, १५२६ मध्ये ती लिहून घेतली, म्हणून तिचा दस्तऐवज आहे. गावची शेतं लिलावानं द्यायची, आलेल्या पैशातून खाजन (खाडीकाठच्या, भरतीचं पाणी बांधानं अडवलेल्या) जमिनीचे बांध दुरुस्त करायचे, देवळाचे आणि गावचे खर्च भागवायचे, उरलेलं गावकारांत वाटायचं. आधी बांध, मग वाटा, हा क्रम महत्त्वाचा, कारण बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढच्या वर्षी वाटायला काही राहत नाही. फेयॉलच्या समूहहिताच्या तत्त्वाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पण भाबडेपणानं लिहू नका. गावकार सगळे नव्हते; वाटा वंशानं पुरुषांकडे जायचा, आणि चिखलात राबणाऱ्या कितीजणांना निर्णयात जागाच नव्हती. समन्यायाच्या तत्त्वावर ही रीत नापास होते.

१७. चौथीपर्यंत मराठीत शिकलो, कॉलेज इंग्रजीत. समजतं मराठीत, पेपर इंग्रजीत. काय करू?

तत्त्वाचं नाव इंग्रजीत पाठ करा, उदाहरण मराठीत विचार करून शोधा, मग साध्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरवा. गाईडमधलं मोटार कंपनीचं उदाहरण परीक्षकानं त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. तुमच्या गावच्या नाटकाचं तो पहिल्यांदाच वाचेल. फक्त ‘पात्रांव’ हा शब्द पेपरात तसाच ठेवू नका. परीक्षक पेडण्याचा निघाला तर हसेल, बाहेरचा निघाला तर अडेल.